काचनळीतलं नाक

"नराला बाप नसतो. आजोबा मात्र असतो."

खोलीत कुणीही नवा माणूस आला की मॅडम आधी हे वाक्य त्याच्या अंगावर टाकायच्या आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघत बसायच्या. मग तो मोठा अधिकारी असो, नाहीतर फिनेल विकायला आलेला असो. बिचारा हसायचा, मनात नातं लावून बघायचा, गोंधळायचा आणि पुन्हा हसायचा. तोवर मॅडमनी खुर्ची पुढं ओढलेली असायची, आणि आता याची लवकर सुटका नाही हे आम्हाला कळायचं.

नातं अगदी बरोबर होतं. आम्ही ज्या गांधीलमाश्या सांभाळत होतो त्या तिळाएवढ्या. त्यांना स्वतःचं घर नाही, पोळं नाही. मादी कपाशीतली अळी शोधते, डंख मारून तिला लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. अंड्यातली पिल्लं मग त्या अळीवरच पोसतात. या मादीचं नराशी जमलं, तर तिला मुली होतात आणि मुलगेही. नाहीच जमलं, तरी बाई रडत बसत नाही. अंडी घालतेच, फक्त त्यातून सगळे मुलगेच निघतात. मुलगा होतो तो आईच्या एकटीच्या जिवावर. बाप लागतो तो मुलीला. "पण त्या आईला बाप असतो की नाही? मग झाला ना आजोबा!" असं म्हणून मॅडम टेबलावर थाप मारायच्या आणि टेबलावरच्या बरण्या हलल्या म्हणून स्वतःच स्वतःला रागावायच्या.

आमची संस्था दौलताबादच्या रस्त्याला, शहर संपता संपता. मी देवगाव रंगारीची, घरात कपाशी. आमच्याकडं उडणाऱ्या प्रत्येक बारीक जिवाला चिलट म्हणायचे आणि चिलट दिसलं की फवारणीचा पंप काढायचे. अशी मी या मॅडमच्या हाताखाली कामाला लागले ती एका विचित्र मुलाखतीमुळं. माझे मार्क त्यांनी पाहिलेच नाहीत.

"सर्दी वारंवार होते का?"

"नाही."

"घरात दूध उतू जाऊन करपलं, तर अंगणातून कळतं?"

"शेजारच्या घरातलं पण कळतं."

"उद्यापासून ये."

मी आनंदानं आईला फोन केला आणि म्हणाले, नोकरी लागली, पण बाई जरा चक्रम आहेत.

त्या किती चक्रम आहेत ते दुसऱ्या दिवशी दारातच समजलं. माश्यांच्या खोलीत वासाला बंदी होती. खोबरेल नाही, पावडर नाही, गजरा नाही, कपडे धुताना सुगंधी पाणी तर अजिबात नाही. माश्यांचा सगळा संसार वासावर चालतो, त्यात आपली लुडबुड नको, असं त्यांचं म्हणणं. दारात उभं राहून त्या रोज उलटतपासणी घ्यायच्या. केसांना काय लावलंय? साबण कोणता? घरी धूप घातला होता का? तुमच्या जवळ येऊन हुंगलंय असं मात्र कधी झालं नाही. आम्ही समजायचो, मोठ्या बाई आहेत, माणसं हुंगत फिरणं बरं दिसत नसेल.

आमचे शिपाई रावसाहेब. रावसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव, त्यामुळं साहेब लोकांनाही त्यांना रावसाहेब म्हणावं लागायचं आणि याचं त्यांना फार सुख होतं. एकदा ते लग्नाहून परस्पर कामावर आले.

"अंगाला काय लावलंय, रावसाहेब?" मॅडमनी दारातच विचारलं.

"काय नाय मॅडम. लग्नात मांडवाच्या दारातच अत्तराचं बोट लावलं त्यांनी. नगं म्हणायच्या आत लावलं."

"मग आज बाहेर लिंबाखाली बसा. आत पाऊल टाकायचं नाही."

रावसाहेब दिवसभर लिंबाखाली गार वाऱ्यात बसले, दोन वेळा चहा प्यायले, डुलकीही काढली. त्यानंतर त्या लग्नसराईत रावसाहेबांच्या नात्यात इतकी लग्नं निघाली की आम्हालाही हेवा वाटायला लागला.

मॅडम सलवार-कमीजवर पुरुषी बेताचा पांढरा शर्ट घालायच्या, बटणं उघडी. त्या शर्टाच्या खिशात, लोक जिथं पेन लावतात तिथं, एक काचेची नळी असायची, तोंडाला कापसाचा बोळा. नळीत चार-सहा नर आणि काचेला मधाचा ठिपका. ही नळी त्यांच्यापासून कधी वेगळी झाली नाही. बैठकीला जाताना नळी, बँकेत जाताना नळी. कशाबद्दल शंका आली की त्या हात वर करायच्या, "थांबा, यांना विचारते."

त्यांचं हे विचारणं बघण्यासारखं असायचं. कोऱ्या कागदाच्या तुकड्यावरून एक मादी चालवायच्या आणि तिला उचलून परत ठेवायच्या. कागद रिकामा, त्यावर काही दिसत नाही. तो तुकडा नळीत सोडला की नरांची झोप उडायची. मिश्या थरथरायला लागायच्या, पंख उभे व्हायचे, आणि बघता बघता सगळे पंख फडफडवत कागदावर गोल गोल नाचायला लागायचे. बाई येऊन गेलेली, मागं नुसता पावलांचा वास, आणि हे वेडे त्यावर वरात काढताहेत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्यानं ओरडलेच. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "पाहिलंस? पाहिलंस ना? रिकामा कागद, अगं! नुसता रिकामा कागद!" हे त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा पाहिलं असणार, पण दर वेळी त्या अशाच उड्या मारायच्या, आणि त्यांच्याबरोबर मीही मारायला लागले.

माझी आई एकदा गावाहून भेटायला आली. माणूस भेटलं की स्थळाचा विषय काढायचा हा आईचा शिरस्ता.

"मॅडम, आमच्या पोरीसाठी एखादं चांगलं स्थळ बघा की. तुमच्या वळखी लई."

"आमच्याकडे स्थळाचं फार सोपं असतं," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "मुलगी काही करत नाही, नुसती उभी राहते. मुलाला तिचा वास आला की तो पंख पसरून नाचतो. तिला नाच पसंत पडला तर जमलं."

"अन् नाय पडला तर?"

"मागच्या पायानं लाथ."

आई विचारात पडली. "अन् येकदा लगीन झाल्यावर दुसरा कुनी आला तर?"

"तरी लाथच. लग्न झालं की तिचं मनच उडतं."

आईनं गावाकडं जाऊन सगळ्यांना सांगितलं, लई हुशार बाई हाय, समदं खरं खरं बोलती. माझ्या लग्नाची घाई त्यानंतर थोडी कमी झाली, याबद्दल मी त्या माश्यांची ऋणी आहे.

या माश्या साध्या नव्हत्या. बाहेरून आणलेल्या जाती मराठवाड्याच्या उन्हात माना टाकायच्या. मॅडमनी आमच्याच तालुक्यातल्या शेतांतून, बोंडं फोडून फोडून, उन्हाला टिकणारी ही जात शोधून काढली होती आणि तिच्या पिढ्यांवर पिढ्या बरण्यांत वाढवल्या होत्या. प्रयोगशाळेत अशा वसाहतीला कल्चर म्हणतात. मॅडम 'आपली माणसं' म्हणायच्या. पुढच्या हंगामात ही माणसं पहिल्यांदा शेतकऱ्यांच्या रानात सोडायची होती.

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्याकडं नुसते मुलगे व्हायला लागले.

आधी एका बरणीत, मग शेजारच्या, मग सगळीकडं. कोष फुटायचे आणि बाहेर यायचा तो लांब मिश्यांचा नर. नर, नर आणि नर. म्हणजे माद्यांची नरांशी गाठच पडत नव्हती. बरणीत दोघं समोरासमोर, पण नर एका कोपऱ्यात, मादी दुसऱ्या कोपऱ्यात. नाच नाही, लाथ नाही, काही नाही. जुन्या माद्या मरत चालल्या होत्या आणि नव्या जन्मत नव्हत्या. उरलेल्या मूठभर माद्या अशाच गेल्या की मागं फक्त मुलगे राहणार, आणि त्यांच्याबरोबर कल्चर संपणार. रानंही नांगरून मोकळी पडलेली, पुन्हा शोधायला जावं तर एक बोंड उभं नाही.

मॅडमनी खाणं बदललं, अळ्या बदलल्या, दिवे बदलले. काही फरक पडेना. त्यांचं ते मोठ्यानं बोलणं बंद झालं. पाहुणा आला तरी त्या आजोबांचं वाक्य टाकेनात, तेव्हा रावसाहेबसुद्धा घाबरले. "मॅडमचं काय खरं नाय," ते मला म्हणाले. "कालपास्नं मला साबण इचारला नाय."

अशात एका सकाळी माझ्या गावाकडचे काही शेतकरी आले. माश्या रानात कशा सोडायच्या ते त्यांना आधीच दाखवायचं ठरलं होतं. मॅडमना अजिबात उत्साह नव्हता, तरी आलेल्या माणसांना परत कसं पाठवणार? लिंबाखाली सतरंजी टाकली.

"बाई, येवढुशी माशी अन् अळीला लोळवती व्हय?" पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं.

"लोळवते."

"पन अळी तर बोंडात दडती. घावती कशी तिला?"

"वासानं. अळीच्या लेंड्यांचा वास येतो तिला. हिचं सगळं वासावरच असतं. आता हे बघा..." असं म्हणत मॅडमनी सवयीनं खिशातली नळी काढली. दुसऱ्या नळीत एक मादी होती, तोंडाला मलमलचं फडकं बांधलेली. दोन्ही नळ्यांची तोंडं जुळवून त्यांनी बाबांपुढं धरली. नर नाचणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

नर नाचायला लागले.

असे नाचले की विचारू नका. बाबा "आरं तिच्या!" म्हणून गुडघ्यांवर उठले. मॅडम मात्र बोलता बोलता थांबल्या, उठल्या आणि नळ्या तशाच धरून पळत आत गेल्या. मी मागं. माश्यांच्या खोलीत शिरलो, थोडं थांबलो, आणि नर थंड पडले. मॅडम पुन्हा बाहेर पळाल्या. लिंबाखाली वाऱ्यावर नळी धरली. थोड्या वेळानं पुन्हा नाच. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. चपला कधीच कुठंतरी पडल्या होत्या, फरशी तापलेली, आणि या अनवाणी धावताहेत.

"ऊन लागलं वाटतं बाईला," बाबा हळूच म्हणाले. "कांदा फोडून द्या हुंगायला."

"आत आणि बाहेर काय फरक आहे?" मॅडमनी मला खोलीच्या दारात गाठलं. त्यांना धाप लागली होती, पण डोळे चमकत होते. "तापमान? नाही. उजेड? नाही, दिवे बदलून झाले. सांग ना! या खोलीत असं काय आहे?"

"काहीच नाही मॅडम. कूलर तेवढा नवीन."

खोलीचा एसी बिघडला होता आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत मॅडमनी शहागंजकडच्या एका दुकानातून कूलर मागवला होता. तो बसवणारे चाचा "मॅडम के वास्ते एकदम इस्पेशल माल डाला हूँ" असं म्हणाले होते. मॅडमनी स्वतः वाकून, अगदी नाक लावून कूलरच्या जाळ्या तपासल्या होत्या, आतलं गवत हातानं चाचपलं होतं, धूळ नको म्हणून सगळं पुन्हा पुन्हा धुवून घ्यायला लावलं होतं, आणि मग मान डोलावली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"कूलर," मॅडम पुटपुटल्या. मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "या खोलीत काही वास येतो का?"

मला हसू आलं. "म्हणजे काय! वाळा आहे ना मॅडम. असला घमघमाट सुटलाय की हिशेब खात्यातले लोकसुद्धा दुपारी उगाच इकडून चकरा मारतात. तुम्हीच तर..."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता.

"वाळा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती मुळं होती. मी हातात मुळं धरली आणि गवत म्हटलं." मग अगदी हळू आवाजात, "मला वास येत नाही गं. त्या साथीत गेला, तो परत आलाच नाही. सगळ्यांचा आला. माझा नाही."

वासाला बंदी घालणाऱ्या बाईंना वास येत नव्हता, आणि आम्हाला वाटत होतं, बाईंनीच वाळा चालवून घेतलाय. त्या वासाला आम्ही कुणी वास म्हणतच नव्हतो. उन्हाळ्यात कूलर असा दरवळतोच, त्यात सांगायचं काय? सर्दीचा प्रश्न, करपलेलं दूध, दारातली उलटतपासणी, खिशातली नळी, सगळं माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मला रडू आलं, आणि रागही आला.

"सांगितलं का नाही मॅडम?"

"कुणाला सांगू? वासावर काम करणारी बाई आणि नाकच बंद. हसले असते सगळे. कामही काढून घेतलं असतं. म्हणून यांना खिशात घेऊन फिरत होते." त्यांनी नळी वर केली. "कुणाला बोलू नकोस."

मी मान हलवली. मग मात्र आम्ही रडत बसलो नाही. मॅडमनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि अशी हाक मारली की शेतकऱ्यांसकट सगळे धावत आले. कूलर ओढून पार फाटकापाशी नेला. खिडक्या उघडल्या. बरण्या एकेक करून लिंबाखाली सावलीत आणल्या, भोवती ओल्या चादरी बांधल्या.

"हे काय, मांडव घातला व्हय बाई?" म्हाताऱ्या बाबांनी विचारलं.

"मांडवच आहे बाबा. मुली वय झालेल्या आहेत. नर नाचतील, पण या हो म्हणतील की नाही सांगता येत नाही."

सगळे शेतकरी बरण्यांना डोळे लावून बसले. पहिला नर नाचला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि मॅडमनी ओठावर बोट ठेवलं. एका मादीनं लाथ मारली. दुसरीनंही मारली. तिसरी मात्र स्तब्ध उभी राहिली, मिश्या खाली केल्या, आणि बाबा कुजबुजले, "जमलं. जमलं बगा." परत जाताना कुणी बियाण्याबद्दल विचारलं नाही की खताबद्दल नाही. सगळ्यांचं एकच, मुली झाल्या की फोन करा.

पण जमलं म्हणजे मुलगी झालीच असं नाही. माद्यांनी अळ्यांवर अंडी घातली, पांढरे कोष झाले. आम्ही दोघी भिंग घेऊन पाळीपाळीनं पहारा द्यायचो. कोष फुटायला लागले. पहिला नर. दुसरा नर. माश्यांत मुलगे आधीच बाहेर येतात आणि बहिणींची वाट बघत थांबतात, हे मॅडमनीच मला शिकवलं होतं. तरीही प्रत्येक नराबरोबर त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि माझाही डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक कोष हलला. मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या आणि मग भिंग माझ्या हातात दिलं.

"तू बघ. माझ्यावर माझा भरवसा नाही."

मी पाहिलं. आखूड मिश्या. पोटाच्या टोकाला बारीक नांगी. ती कोषातून अर्धी बाहेर येऊन दमून थांबली होती.

"मुलगी!" मी किंचाळले. "मॅडम, मुलगी झाली!"

मॅडम खुर्चीवरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या आणि सरळ बाहेर जाऊन ओरडल्या, "मुलगी झाली हो! मुलगी झाली!" दारं धडाधड उघडली. हिशेब खातं आलं, शेजारची प्रयोगशाळा आली, खुद्द विभागप्रमुख आले. आत तोवर दुसरी निघाली होती, तिसरीचा कोष हलत होता. रावसाहेब म्हणाले, "मुलगी झाली म्हणल्यावर बर्फी आणाया पायजे," आणि उन्हातान्हात सायकल दामटत गेले. ते बर्फी घेऊन आले तोवर एकही माणूस जागेवर परत गेला नव्हता.

"पण मॅडम, एवढे दिवस बिघडलं होतं तरी काय?" विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारलं.

आम्ही उत्तर ठरवून ठेवलं होतं: उन्हाळा फार कडक होता. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या बर्फीकडं पाहिलं.

"कूलरला वाळा होता, सर. सगळ्या इमारतीला त्याचा वास येत होता. मला आला नाही. मला वासच येत नाही, त्या साथीपासून."

विभागप्रमुखांचा घास हातातच राहिला. मॅडमनी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिल्या.

"ही मला नुसती गोड लागतेय," त्या म्हणाल्या. "यात आणखी काय आहे, कुणी सांगेल का?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. रावसाहेबांनी खोका नाकाशी नेला.

"इलायची हाय, मॅडम. अन् खवा जरा धुरकटलाय."

"धुरकट म्हणजे कसा? नीट सांगा."

आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.